पॉलिशवाल्याचा मुलगा आणि ओरबाडलेली गिटार

काका, मी डोंबिवलीला राहतो, वय २७, नोकरी ऐरोलीला. शनिवार-रविवार बँडमध्ये गिटार वाजवतो. चार वर्षं पैसे साठवून फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीच्या कस्टम शॉपची (खास हातकामाच्या विभागाची) स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार घ्यायचं ठरवलंय. १९६२ सालच्या मॉडेलची नवी प्रत, पण 'रिलिक' केलेली. म्हणजे कारखान्यातूनच रंग उडालेला, स्क्रू गंजलेले, मागे बक्कलचे ओरखडे. किंमत सव्वाचार लाख. माझे बाबा पस्तीस वर्षं फर्निचर पॉलिशचं काम करतात. त्यांना फोनवर फोटो दाखवला. चष्मा लावून, मोठा करून पाहिला आणि विचारलं, "डॅमेज पीस आहे, मग कमी किती करतायत?" मी सांगितलं की डॅमेजचेच जास्त घेतात. त्या दिवसापासून ते या विषयावर माझ्याशी बोलत नाहीत. ड्रमर म्हणतो, ही फाटकी जीन्स आहे, दुसऱ्याच्या जखमा मिरवू नकोस. दुकानात ती हातात घेतली होती तेव्हा खाली ठेववेना, पण का, ते मला कोणालाच सांगता आलं नाही. मी मूर्खपणा करतोय का?
— आर., डोंबिवली

प्रिय आर.,

तुझ्या बाबांचा प्रश्न वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. हसण्याचं कारण असं की पहिली रिलिक गिटार माझ्या टेबलावर दुरुस्तीला आली तेव्हा मीही गिऱ्हाइकाला हेच विचारलं होतं, "कुठे पडली?" तो बिचारा ओशाळला. दोन महिन्यांपूर्वीच बॉक्समधून काढली होती त्याने.

तुझ्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक पैशाचा, एक खऱ्या-खोट्याचा आणि एक बाबांचा. पैशाचा सोपा आहे, तो शेवटी बघू. आधी हे खूळ आलं कुठून ते सांगतो, कारण तुझा ड्रमर समजतो तितकं ते उथळ नाही.

स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली कॅलिफोर्नियात बाजारात आली तेव्हा तिची किंमत अडीचशे डॉलरला पन्नास सेंट कमी होती. कामाची वस्तू. कोणी तिला कापसात गुंडाळून ठेवली नाही. बारमध्ये, चर्चमध्ये, लग्नांत वाजली, गाडीच्या डिकीत उन्हात तापली. १९६५ च्या जानेवारीत कंपनीचा संस्थापक लिओ फेंडरने सगळा धंदा सीबीएस कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकला आणि पुढच्या काही वर्षांत वाजवणारे कुरकुरायला लागले की नव्या गिटारींत ती बात नाही. ही कुरकुर किती खरी आणि किती आठवणींची, यावर आजही भांडणं होतात. पण परिणाम एकच झाला. 'सीबीएसच्या आधीची' हे शब्द सोन्याच्या शिक्क्यासारखे झाले, आणि ज्या गिटारी लोक सेकंडहँड म्हणून उचलत होते त्यांच्या किमती घराच्या किमतींकडे सरकू लागल्या.

१९८२ मध्ये फेंडरनेच आपल्या जुन्या मॉडेलांच्या नव्या प्रती काढल्या. आकार बरोबर, स्क्रू बरोबर, रंग बरोबर. पण चकचकीत. ज्यांनी आयुष्यभर घासलेली गिटार वाजवली त्यांना त्या हातात घेतल्यावर नव्या बुटांसारख्या चावायच्या. किस्सा असा सांगतात की कस्टम शॉपमधल्या जे. डब्ल्यू. ब्लॅक या कारागिराने रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्ससाठी प्रती बनवल्या, तर तो म्हणाला, जरा ठोका यांना, मग वाजवीन. खरा-खोटा तो किस्सा, पण धंद्याला दिशा त्यातच सापडली. १९९५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात फेंडरने मुद्दाम जुन्या केलेल्या नव्या गिटारी मांडल्या. बघणाऱ्यांना वाटलं, कंपनीने हौसेने आपल्या जुन्या गिटारी दाखवायला आणल्यात. नाही म्हटल्यावर लोकांनी तिथेच ऑर्डरी दिल्या. सुरुवातीची काही वर्षं हे जुनं करण्याचं काम फेंडरच्या कारखान्यात होतच नव्हतं. मिझुरी राज्यातला व्हिन्स कुनेटो नावाचा माणूस आपल्या वर्कशॉपमध्ये बॉडी (गिटारचं धड) आणि नेक (डाव्या हातात धरायचा लांब दांडा) रंगवून, झिजवून परत पाठवायचा. १९९९ पर्यंत तो हे करत होता. आज त्या काळातल्या 'कुनेटो रिलिक' गिटारींनाच जुन्या म्हणून वेगळा भाव आहे. नक्कल म्हातारी झाली आणि स्वतःच अस्सल होऊन बसली, असला प्रकार.

आता बाबांच्या कामाचं बोलू. हा भाग तू त्यांना वाचून दाखव.

त्यांना विचार, "बाबा, ड्यूको म्हणजे काय?" ते म्हणतील, स्प्रेचा रंग, वॉर्डरोबच्या शटरला मारतो तो. आपल्याकडे प्रत्येक पॉलिशवाला हा शब्द रोज वापरतो आणि बहुतेकांना माहीत नसतं की ते एका कंपनीच्या मालाचं नाव होतं. ड्यूपाँट या अमेरिकी कंपनीने १९२० च्या दशकात मोटारींसाठी काढलेला नायट्रोसेल्युलोजचा रंग म्हणजे ड्यूको. त्याआधी गाडीचा रंग वाळायला दिवसच्या दिवस जायचे, हा तासांत वाळायचा. आणि फेंडरने आपल्या रंगीत गिटारींसाठी ड्यूपाँटचेच मोटारीचे रंग घेतले. फिएस्टा रेड हा आधी फोर्ड थंडरबर्ड गाडीचा लाल होता. म्हणजे तुझ्या बाबांच्या कॉम्प्रेसरमधून जो वास येतो, त्याच घराण्यातला वास त्या कारखान्यातही येत होता. ते ज्याला 'एनसी' म्हणतात, तेच हे; गिटारवाले त्याला 'नायट्रो' म्हणतात.

या एनसीचा स्वभाव त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत असणार. पातळ बसतो, आणि वर्षानुवर्षं त्यातलं काही ना काही उडत जातं म्हणून आणखी पातळ आणि ठिसूळ होतो. लाकूड थंडीत-उन्हात आकसतं, फुगतं, रंगाला तेवढं ताणता येत नाही आणि मग त्यावर केसासारख्या बारीक भेगा पडतात. जिथे हात घासतो तिथे तो झिजत जातो, त्याचा टवका उडत नाही. पन्नास-साठच्या दशकातल्या गिटारी म्हाताऱ्या इतक्या सुंदर दिसतात त्याचं अर्धं श्रेय या रंगाच्या दुबळेपणाला आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पॉलिएस्टर आला. जाड, काचेसारखा, चिवट. आजच्या बहुतेक गिटारींवर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनच असतो.

यातून तुझ्या ड्रमरसाठी उत्तर निघतं. तो म्हणत असेल, साधी गिटार घे, तीस वर्षं वाजव, आपोआप झिजेल. नाही झिजणार. पॉलीचा थर घासून उडत नाही. धक्का लागला की त्याचा खापरीसारखा तुकडा निघतो आणि बाकीचं तसंच लखलखत राहतं. तीस वर्षांनी ती जुनी गिटार दिसत नाही, मार खाल्लेली नवी गिटार दिसते.

हे मी अनुभवावरून सांगतोय. मीही एकदा घरच्या घरी रिलिक करायला गेलो होतो. माझ्याकडे कोरियात बनलेली एक लाल गिटार होती, ऑर्केस्ट्राच्या दिवसांनंतर घेतलेली. कुठेतरी वाचलं होतं की बॉडी गोठवायची, मग एकदम गरम हवा मारायची, की भेगा पडतात. घरच्या फ्रीझरमध्ये बॉडी मावेना. गल्लीतल्या आइस्क्रीमवाल्याशी दोस्ती होती, त्याच्या डीप फ्रीझरमध्ये मटका कुल्फीशेजारी ती एक रात्र ठेवली. सकाळी बाहेर काढली, दुकानासमोरच बाकावर ठेवून बायकोचा हेअर ड्रायर पूर्ण जोरात सोडला. शाळेला जाणारी पोरं थांबून बघत होती. पाणी सुटलं, ड्रायर बंद पडला, भेग एक नाही. पॉलिएस्टर होता ना! मग मला राग आला. किल्ल्यांचा जुडगा घेऊन ठोकलं, पॉलिश पेपर मारला, एका कोपऱ्यात पेटती उदबत्ती टेकवली. शेवटी ती गिटार अशी दिसायला लागली की कोणी म्हशीच्या शिंगांवर अडकवून गावभर फिरवली असावी. वर महिनाभर तिला केशर-पिस्त्याचा वास. अजून आहे माळ्यावर.

तेव्हा कळलं की हे काम सोपं नाही. धातूचे भाग आम्लाच्या वाफेत किंवा मिठाच्या पाण्याजवळ ठेवून काळवंडवायचे, पांढरं प्लॅस्टिक पिवळट करायचं, नेकच्या मागचा रंग अंगठा जिथे फिरतो तेवढाच घासायचा, हे एकेक बघायला किरकोळ. पण कुठे थांबायचं हे हाताला कळावं लागतं. गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीकडे टॉम मर्फी नावाचा कारागीर लॅकरवर ब्लेडने एकेक भेग ओढायचा, ताशाच्या दोऱ्या आवळाव्यात इतक्या सबुरीने. २०२१ पासून त्याच्याच नावाने 'मर्फी लॅब' म्हणून गिटारी येतात. त्यात हलकी झीज ते पार वाताहत, असे दर्जे ठरवलेत आणि त्याप्रमाणे भाव. फेंडरकडेही तसंच. कारखान्यातून आजच निघाल्यासारखी, कपाटात राहून हळूच पिवळी पडलेली, वाजवून झिजलेली, आणि मग ती 'हेवी रिलिक', जिच्याकडे पाहून तुझ्या बाबांना पोलिसांत तक्रार द्यावीशी वाटेल.

आता तुझा खरा प्रश्न. हातातून का सुटेना?

मला वाटतं याचं उत्तर तुझ्या डाव्या तळव्यात आहे. पुन्हा कधी दुकानात गेलास तर डोळे मिटून नेकच्या कडेवरून बोट फिरव. नव्या साध्या गिटारीत फिंगरबोर्डची (नेकवरच्या बोटं दाबायच्या पट्टीची) कड सरळ, धारदार असते, फ्रेटची (तिच्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं जराशी टोचतात. रिलिकमध्ये ती कड गोल केलेली असते, वर्षानुवर्षं हात फिरून होते तशी. नेकच्या मागे रंग नाही, थेट लाकूड, गुळगुळीत, जरा कोरडं. आपल्याकडे रंगवलेली नेक घामाने चिकटते, मे महिन्यात तर अंगठा सरकत नाही, अडखळतो. या नेकवर तो घसरतो. हे खरं आहे. यात नाटक काही नाही. वरवंट्याची मूठ जशी आजीच्या हाताने घडलेली असते आणि नवी सून पहिल्या दिवसापासून तिच्यावर वाटते, तसं. झीज कोणी केली याने वरवंट्याला फरक पडत नाही.

(जाता जाता: १९६२ च्या मॉडेलचं फिंगरबोर्ड रोझवुडचं असतं. मूळच्या गिटारींना ब्राझीलचं लाकूड होतं, आजच्या प्रतींना बहुधा भारतातलं. म्हणजे आपली शिसवी. बाबांनी तिच्यावर आयुष्यात किती हात मारले असतील, आणि तू तेच लाकूड सातासमुद्रापार जाऊन आलेलं सव्वाचार लाखांना घ्यायला निघालास.)

दुसरं एक सुख आहे, त्याबद्दल लोक कमी बोलतात. नवी कोरी महागडी गिटार घेतली की पहिला ओरखडा पडेपर्यंत माणूस तिचा नोकर असतो. पट्ट्याचं बक्कल काढून वाजवतो, अंगठी काढतो, तालमीला नेताना लोकलच्या गर्दीत ती पोटाशी धरून उभा राहतो. डोंबिवलीहून सकाळच्या लोकलने गिटार नेऊन बघ, मग कळेल. रिलिकमध्ये पहिला ओरखडा कंपनीने मारलेला असतो. दोनशेएकावा तू मारलास तर कोणाला कळणार? माणूस मोकळा होऊन वाजवतो, आणि मोकळं वाजवलेलं ऐकू येतं.

पण डोळ्यांना जे मिळतं, तिथे मी ड्रमरच्या थोडा जवळ जातो.

तू रोरी गॅलहरचं नाव ऐकलं असशील. आयर्लंडच्या कॉर्क शहरातला पोरगा. १९६३ साली, पंधराव्या वर्षी, शंभर पौंडांना उधारीवर एक स्ट्रॅटोकास्टर घेतली, १९६१ सालची. ती एकदा डब्लिनमध्ये चोरीला गेली आणि काही दिवसांनी टाकून दिलेली सापडली. पुढे तीस वर्षं त्याने ती प्रत्येक कार्यक्रमात वाजवली. त्याच्या घामात काय होतं कोण जाणे, तिचा रंग असा गेला की मूळ छटा फक्त कोपऱ्याकोपऱ्यात उरली, बाकी उघडं लाकूड. त्याने ती पुन्हा रंगवून घेतली नाही. १९९५ च्या जूनमध्ये तो गेला. म्हणजे ज्या वर्षी रिलिक नावाचा धंदा सुरू झाला, त्याच वर्षी. नंतर फेंडरने त्या गिटारची प्रत काढली, एकेक डाग नकाशासारखा उतरवून. मूळ गिटार २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला लिलावात जवळपास नऊ लाख पौंडांना गेली, आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यासाठी.

ती प्रत मी एकदा हातात घेतलीय. अप्रतिम काम होतं. आणि तरी वाजवताना मला सारखं अवघडल्यासारखं होत होतं, जसं गेलेल्या माणसाचा कोट अंगात घातल्यावर होईल. तो झिजलेला भाग त्याच्या दंडाच्या मापाचा होता, माझा दंड भलतीकडे टेकत होता. इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या 'ब्लॅकी' नावाच्या गिटारीचंही तसंच. मूळ गिटार त्याने १९७० मध्ये नॅशव्हिलला घेतलेल्या जुन्या स्ट्रॅट्सपैकी तिघींचे चांगले भाग जोडून केली होती, जुगाडच तो! २००४ मध्ये ती लिलावात ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला गेली आणि दोन वर्षांनी तिच्या बरोब्बर २७५ प्रती निघाल्या, वीस हजार डॉलरच्या पुढे एकेक. त्याने सुट्या भागांतून केलेल्या जुगाडाची इतक्या काटेकोरपणे नक्कल व्हावी, याचं मला राहून राहून हसू येतं.

तुझी गिटार अशी कोणा एकाची नाही, हे बरं आहे. ती 'कोणीतरी वाजवलेली' गिटार आहे, नाव नसलेला कोणीतरी. त्यात मला काही खटकत नाही. ड्रमरच्या फाटक्या जीन्सच्या टोमण्याला एवढंच सांग की जीन्स फाडून अंगाला जास्त बसत नाही. ही नेक बसते.

आवाजाचं विचारलं नाहीस, तरी सांगतो, नाहीतर दुकानदार सांगेल. तो म्हणेल, पातळ रंगामुळे लाकूड श्वास घेतं. हसून सोडून दे. विजेच्या गिटारीत तारा, पिकअप (तारांचा कंप पकडणारा भाग), अँप (आवाज मोठा करणारं यंत्र) आणि तुझी बोटं यांपुढे रंगाचा थर काय करणार? व्हायोलिनसारख्या पोकळ वाद्यातही जुनेपणाची जादू तपासायला गेलं की हाती फार लागत नाही. २०१० मध्ये इंडियानापोलिसला एकवीस वादकांना काळे चष्मे घालून जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली होती. बहुतेकांना जुनं कुठलं, नवं कुठलं सांगता आलं नाही, आणि सगळ्यात नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हेरियस. आवाजासाठी एक रुपया जास्त देऊ नकोस. हातासाठी दे.

आता बाबा.

बाबांना एक गोष्ट विचार, पण जरा बेताने, जेवण झाल्यावर. पस्तीस वर्षांत कुठल्या इंटिरियर डिझायनरने त्यांच्याकडून 'अँटिक फिनिश' करून घेतलंय का? मला खात्री आहे, घेतलंय. नव्या सागवानी दाराला साखळीने ठोकून खड्डे पाडायचे, खिळ्याने किड्याची भोकं पाडायची, डांबरासारखा रंग चोळून कोपऱ्यांत साठू द्यायचा, मग वर मेण. मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर निम्मं 'इंग्रजांच्या काळातलं' फर्निचर याच वाटेने म्हातारं झालेलं असतं. बाबांनी हे केलं असेल तर त्यांना दोन गोष्टी माहीत असतील: या कामाला साध्या पॉलिशपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून मजुरीही जास्त, आणि ते करताना मन खट्टू होतं. दोन्ही खरं आहे. त्यांच्या रागात दुसऱ्या गोष्टीचा वाटा मोठा असावा. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या टेबलांवरचे चहाचे गोल डाग काढले, त्याच्या पोराने डागाचे पैसे मोजावेत? त्यांना वाईट वाटणं अगदी साहजिक आहे. आपल्याकडे वाद्याचंही तेच शिकवलंय. जुना तानपुरा जवारी करायला (घोडी घासून तारांचा आवाज नीट करायला) मिरजेला पाठवला तर कारागीर जाता जाता तुंब्यावर पॉलिशही मारून देतो. कोणी म्हणत नाही, राहू दे, आजोबांच्या हाताचे डाग आहेत.

म्हणून त्यांना समजावायला जाऊ नकोस. त्यांना दुकानात घेऊन जा. गिटार दाखवायला नव्हे, तपासायला. त्यांचा डोळा तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा तयार आहे. सांग, "बाबा, हे काम कसं झालंय ते बघा." मोबाइलचा टॉर्च तिरका धरायला द्या त्यांना. खराब रिलिक पकडायला दोन मिनिटं पुरतात. झीज सगळीकडे सारखीच असेल, तर खोटी; खऱ्या गिटारीत उजवा दंड टेकतो तिथे मैदान असतं आणि दोन इंचांवर रंग जसाच्या तसा. रंग आणि उघडं लाकूड यांची सीमा एकदम धारदार असेल तर मशिनने घासलंय. हाताने झिजलेला रंग हळूहळू विरळ होतो, आधी वरचा थर, मग खालचा पिवळा, मग सीलर, मग लाकूड. उघडं लाकूड पांढरंफटक असेल तर साठ वर्षांचा मळ कुठे गेला? स्क्रूचं डोकं गंजलेलं आणि शेजारची पट्टी कोरी, असंही दिसतं. हे मी शिकायला पाच वर्षं घेतली, बाबांना दुकानात उभ्या उभ्या दिसेल. ते म्हणाले, "काम बरं आहे," तर त्यापेक्षा मोठं प्रमाणपत्र अमेरिकेतून येणाऱ्या बॉक्समध्येही नसतं. ते म्हणाले, "पोरकट केलंय," तर पैसे खिशात ठेव. त्यांचं ऐक.

पैशाचं. मूर्खपणा करतोयस असं मला वाटत नाही. कर्ज काढत नाहीस, चार वर्षं साठवलेत, वाजवतोस. पण मला विचारशील तर मी सव्वाचार लाख घालणार नाही. तुला जे आवडलंय ते नेकमध्ये आहे, आणि घासलेल्या नेकच्या, पातळ नायट्रो रंगाच्या गिटारी फेंडरने मेक्सिकोतल्या एन्सेनाडाच्या कारखान्यात २००९ पासून 'रोड वॉर्न' नावाने काढल्या आहेत. निम्म्याहून कमी पैशांत येतील. बारकावे कमी, ओरखडे जरा ठोकळेबाज, एकीचे दुसरीसारखे. अंगठ्याला ते कळत नाही. उरलेल्यात चांगला अँप घे, कारण पत्रात तू त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाहीस आणि त्यावरून मला अंदाज आलाय. पण दोन्ही वाजवून, रात्रभर विचार करूनही पहिलीच हवी असं वाटलं, तर घे बाबा. माळ्यावरच्या कुल्फीवाल्या गिटारीची शपथ, मी तुला हसणार नाही. फक्त 'हेवी' घेऊ नकोस. सत्तावीस वर्षांच्या मुलाच्या गळ्यात इतकी दमलेली गिटार शोभत नाही, हे माझं म्हाताऱ्याचं मत समज.

खोटेपणाची एकच जागा मला दिसते आणि ती पुढे येणार आहे, वीस-तीस वर्षांनी, ती गिटार विकताना. कंपनीचे कागद, पावती, बॉक्स, सगळं सांभाळ आणि गिटारसोबतच पुढच्याला दे. तोवर तुझे ओरखडे कंपनीच्या ओरखड्यांत मिसळलेले असतील, आणि कागद नसतील तर कोणीतरी हुशार माणूस तिला खरी १९६२ ची म्हणून तिसऱ्याच्या गळ्यात मारेल.

एक शेवटचं. गिटार घरी आली की स्टँडच्या रबराला आधी जुनी सुती बनियन गुंडाळ. नायट्रो रंग आणि रबर यांचं जमत नाही. टेकलेल्या जागी रंग मऊ पडून रबराला चिकटतो, आणि त्या डागाला कोणी रिलिक म्हणत नाही. पावसाळ्यात वाजवून झालं की तारा आणि ब्रिज कोरड्या फडक्याने पुसून ठेव. डोंबिवलीच्या दमटपणात गंजलेले स्क्रू फुकट मिळतात, त्यासाठी कॅलिफोर्नियाला पैसे पाठवावे लागत नाहीत. आणि रंग कुठे खरंच मऊ पडलाच, तर मला लिहू नकोस. बाबांना दाखव.

तुझा,
काका